सेजलच्या नावाची नळी

गौरवीला हरमलात कोणी शास्त्रज्ञ म्हणत नसे. "उंदरांवर शिकलेली," असं तिची वहिनी भाग्यलक्ष्मी शेजारणींना सांगायची, आणि तेही अशा सुरात की उंदीर बरे! आई स्तनाच्या कर्करोगाने गेली तेव्हा गौरवी दहावीत होती. पाठोपाठ मावशी गेली, मग मावसबहीण. गावाने शाप म्हणून हात झटकले. गौरवीने मात्र पुण्याच्या प्रयोगशाळेत एकाच जनुकामागे वीस वर्षं डोळे फोडले. लग्न नाही, मूल नाही, आणि तोंडाला लगाम तर नाहीच.

भाऊ शिवदास पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो. त्याला तिने त्याच्याच धंद्याच्या भाषेत सांगितलं. "पेशी वाढत सुटू नये म्हणून तिला दोन ब्रेक असतात. एक आईकडचा, एक बापाकडचा. आपल्याकडे एक जन्मापासूनच तुटका येत असणार. दुसरा गेला की गाडी उतारावर सुटली! तो तुझ्यात आहे का, आणि तुझ्याकडून सेजलला गेलाय का, बघायला हवं."

सेजल त्याची एकुलती एक, चोवीस वर्षांची. डिचोलीला लग्न ठरलेलं. भाग्यलक्ष्मी कडाडली, "लग्नाच्या तोंडावर पोरीक रोगाचो दाखलो आणतंस?" पण शिवदासने होकार दिला. गणपतीच्या चवथीला घर भरलेलं, तेव्हा म्हापशाहून आणलेल्या तंत्रज्ञाने, जो जे नाव सांगेल ते लिहून, सगळ्यांचं रक्त घेतलं. गौरवी मागच्या पडवीत मावसबहिणींकडून कोण कधी गेलं ते लिहून घेत होती. सेजलच्या नावाची नळी मिळाली, नावापुढे सही मिळाली, गौरवीबाई खूश. सेजल कुठे आहे हे तिने विचारलंसुद्धा नाही.

शिवदासमध्ये बिघाड निघाला. सेजलची नळी स्वच्छ! गौरवी टेबलाशीच रडली. मग नेहमीच्या रिवाजाने तिने नाती ताडून पाहिली. बाप आणि लेक, निम्मं तरी जुळायला हवं. कणभर जुळेना. वहिनीचं ते कडाडणं आठवलं, काय झालं असणार हे तिला तिथेच कळलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी ती हरमलात आली आणि दारापुढच्या बलकांवात उभ्याउभ्याच म्हणाली, "सेजलच्या नावाचं रक्त शिवदासच्या मुलीचं नाही."

शिवदास उठला. बायकोकडे वळून त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लग्न झाल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. गौरवीला एका वाक्यात सावरता आलं असतं. सावरलं नाही तिने. वहिनीने स्वतःच्या तोंडाने कबूल करावं, एवढंच तिला हवं होतं.

"माझा रगत ता!" भाग्यलक्ष्मी किंचाळली. "देवळात कौल लावलेलो. डावी पाकळी पडली. देव नको म्हणता तर चेडवाचा रगत देऊ कसा? आणि नाय म्हटलंय तर तू सोडतलंस? म्हणान माझो हात फुडे केलंय!"

"म्हणजे तुझ्या रक्ताने तिला निरोगी ठरवणार होतीस? उद्या गाठ आली असती तर देव येणार होता बघायला?"

"आणि तू? घोवासमोर माका काय ठरवलंस गो? तुका ठाऊक असताना!"

गौरवीने वहिनीकडे पाठ फिरवली. आतल्या दारात सेजल उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"आईने देवाला विचारलं," ती म्हणाली. "आत्ये, तू बाबांना विचारलंस. मला कोणी विचारलं?"

गौरवीने पिशवीतून कोरी नळी काढली.

"माझ्यात असायची शक्यता किती?"

"निम्मी," गौरवी म्हणाली. "वेळेवर कळलं तर तपासण्या आहेत, उपाय आहेत. नळी आणलीय मी..."

"ठेव ती पिशवीत. उद्या म्हापशाला जाऊन मी माझं रक्त देईन, माझ्या सहीने. निकाल मलाच सांगायचा, फोनवर." सेजलने बापाकडे पाहिलं. खुलासा होऊन गेला होता, तरी शिवदास बायकोच्या तोंडाकडे बघत नव्हता. "तोवर ह्या घरात येऊ नको, आत्ये."

गौरवीने चपला घातल्या. वहिनी दार लावायलाही उठली नाही.