बुटकेरावांचं बंड आणि माझं

हे गेल्याची बातमी मला मुलाने बुलडाण्याच्या दवाखान्यातून फोन करून दिली. भाऊसाहेबांनी ह्यांना माफ केल्याची बातमी मात्र दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. आमच्याकडे अग्नी दिला की स्मशानातच शोकसभा होते. चिता पेटलेली असते, माणसं झाडाच्या सावलीला उभी असतात आणि ज्याला बोलायचं तो दोन पावलं पुढे येऊन बोलतो. बायका तिथे जात नाहीत, त्यामुळे आपल्या माणसाबद्दल काय बोललं गेलं ते कोणी सांगेल तेवढंच आम्हाला कळतं. मला भाच्याने व्हिडिओ दाखवला. भाऊसाहेब, म्हणजे आमच्या भागाचे पुढारी, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत हात जोडून म्हणत होते, "विनायकराव तत्त्वाचे मानूस. तत्त्वासाठी त्यायनं माह्याविरुद्ध घरची लक्ष्मी उभी केली, माह्या सुनेले पाडलं. पन आज त्यायच्या चितेपुढं सांगतो, म्या त्यायले कवाच माफ केलं." मागून कोणीतरी "वा" म्हटलं. मी व्हिडिओ परत लावायला सांगितला... डोळ्यांत आलेलं पाणी तिथेच आटलं आणि त्या जागी जो राग येऊन बसला तो अजून उठलेला नाही. हा लेख मी त्या रागानेच लिहिते आहे.

धामणगाव बढ्याला आमचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. ह्यांना व्यसन एकच, आणि तेही असं की सांगितलं तर लोक हसतील. अमेरिकेच्या आठव्या राष्ट्राध्यक्षाची चरित्रं वाचायची! पक्षाच्या कामाला नागपूरला गेले असताना फुटपाथवर पहिलं चरित्र मिळालं, ते ह्यांनी शेजारी डिक्शनरी ठेवून एका पावसाळ्यात संपवलं. पुढे मुलगा मोठा झाला तसा तो ऑनलाइन मागवून द्यायचा. तो अध्यक्ष अंगाने ठेंगणा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव बुटकेराव. खेड्यातल्या खानावळवाल्याचा मुलगा, घरची भाषा इंग्रजी नव्हे, डच. बापाच्या खानावळीत येणारे-जाणारे पुढारी उतरायचे, त्यांची बोलणी ऐकत हा वाढला. मग गोड बोलून, गावोगाव माणसं जोडून त्याने पक्ष बांधला, आधी एका लढवय्या जनरलला अध्यक्ष केलं आणि नंतर स्वतः झाला. "मोताळा तालुक्यातलाच वाटते वं हा," हे खताच्या पोत्याला टेकून म्हणायचे. एकाच माणसाची इतकी चरित्रं कशाला, असं मी विचारलं की म्हणायचे, "हरेक जन त्याले वेगळाच पाह्यते." मला तेव्हा ते खूळ वाटायचं, पण दारू-पत्त्यांपेक्षा बरं म्हणून मी काही बोलत नसे.

बुटकेरावांनी त्या जनरल साहेबांना मोठं केलं तसं ह्यांनी भाऊसाहेबांना केलं. भाऊसाहेबांकडे आवाज होता आणि जीप होती, बाकी सगळं ह्यांचं. कोणत्या गावात कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या पोरीच्या लग्नाला गेलंच पाहिजे, सगळं ह्यांच्या तोंडपाठ. भाऊसाहेबांची भाषणं ह्यांनी लिहिली आणि ती ऐकून टाळ्याही ह्यांनीच पहिल्यांदा वाजवल्या. भाऊसाहेब हक्काने आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचे. जिल्हा परिषदेचा आमचा गट महिलांसाठी राखीव झाला तेव्हा माझ्या हातची पिठलं-भाकर खाताखाताच ते म्हणाले, "वहिनी, तयारीले लागा." मी लागले. भर उन्हात गावोगाव फिरले, घराघरांत हळदीकुंकू लावून घेतलं, बायकांना शब्द दिला. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मोताळ्याच्या तहसीलमध्ये पक्षाच्या एबी फॉर्मची, म्हणजे अधिकृत उमेदवारीच्या कागदाची, वाट बघत मी बाकावर बसले होते, सोबत आमच्या गल्लीतल्या बायका. दुपार उलटता उलटता भाऊसाहेबांची सून गाडीतून उतरली. तिने आमच्या गटातलं एक गाव धड पाहिलेलं नव्हतं. फॉर्म तिच्या हातात होता. भाऊसाहेब जाता जाता माझ्याकडे बघून हसले, "वहिनी, तुमी तं घरच्याच. पुढच्या खेपेले पाहू." बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मला उठताही येईना.

दुसरा अर्ज अपक्ष म्हणून भरून ठेवायची आमच्याकडे पद्धतच आहे, तसा माझाही भरलेला होता. तो मागे घ्यायच्या मुदतीपर्यंत घरात आमचं जे भांडण झालं तसं लग्नानंतर कधी झालं नव्हतं. हे म्हणत होते, "मागं घे वं. पक्षात तोंड कसं दाखवू म्या?" मी सरळ कपाटातून बुटकेरावांचं एक चरित्र काढून ह्यांच्या पुढ्यात आपटलं. ती गोष्ट ह्यांनीच मला कितीदा तरी ऐकवली होती. ज्या पक्षाची घडी बुटकेरावांनी बसवली त्याच पक्षाने पुढे त्यांना उमेदवारी नाकारली. चार वर्षांनी म्हातारा भलत्याच पक्षाकडून उभा राहिला. एक राज्यही जिंकलं नाही, पण जुन्या पक्षाचा उमेदवार मात्र आपटला.

"त्यानं गुलामीच्या इरोधात केलं ते," हे म्हणाले. "त्याच्यात तत्त्व होतं."

"सारेच लेखक तसं म्हनते काय?"

ह्यांनी पुस्तक उचलून परत कपाटात ठेवलं. खोटं बोलायची सवय नव्हती ह्यांना. एक चरित्रकार म्हणतो तत्त्व, दुसरा म्हणतो सूड, तिसरा दोन्हीकडून बोलतो, हे त्यांनीच मला सांगितलेलं. मी म्हटलं, "माह्यात कोनतंच तत्त्व नाई. मले तिले पाडाचं हाय. बस." अर्ज मी ठेवला.

निशाणी कपबशी मिळाली. मी तिसरी आले आणि सूनबाई पडल्या. जितक्या मतांनी पडल्या त्याहून जास्त मतं माझ्या कपबशीत होती. त्या संध्याकाळी मी भरपूर तूप घालून रव्याचा शिरा केला. खरं सांगते, मुलगा झाला तेव्हाही मला इतकं गोड लागलं नव्हतं. सूड वाईट असतो, तो माणसाला आतून खातो, असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. मला तर त्या रात्री शांत झोप लागली.

पण श्रेय गेलं ह्यांच्याकडे! बाई स्वतःच्या मनाने उभी राहू शकते, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. "विनायकरावनं बायको उभी केली," सगळीकडे हेच. पक्षाने काढलं ते ह्यांना. आमच्या ओसरीवर चहा पिणारी माणसं दुकानासमोरून मान वळवून जाऊ लागली, पेरणीच्या दिवसांतही गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. ह्यांनी एकदाही कोणाला सांगितलं नाही की मी नको म्हणत होतो. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "तुले कोनी बोललं तं मले सोसनार नाई. मले बोलू दे." आणि कोणी फारच छेडलं की तत्त्व, तत्त्व करायचे... मला त्या मायेचा राग यायचा, आणि आता ती माया नाही म्हणून जीव कासावीस होतो.

ह्यांच्या आजारपणाच्या आधी मुलाने मागवलेलं बुटकेरावांचं आत्मचरित्र आलं. काही दिवसांनी हे जेवताना म्हणाले, "एवढं जाडजूड लिवलं, पन बायकोचा उल्लेख नाई पाह्य. बिचारी तरुनपनीच गेली, पन याच्या लेकरायची माय होती ना!" मी म्हटलं, त्याची हुशारी गावाला सांगत फिरता तुम्ही, मग हे आधी कसं नाही दिसलं? ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्या तरी तुहं नाव कुठीसा घेतलं? येक डाव खरं सांगून टाकाव लागंल." तो डाव आलाच नाही. पुढे दवाखाने सुरू झाले आणि आमची बोलणी औषधांपुरती उरली.

मागच्या आठवड्यात भाऊसाहेब घरी आले, सोबत मुलगा, ज्याची बायको मी पाडली तोच. गट आता खुला झालाय आणि मुलगा उभा राहणार आहे. चहा झाल्यावर भाऊसाहेबांनी ह्यांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत घसा साफ केला. "वहिनी, बॅनरवर विनायकरावांचा फोटो घ्याव म्हनतो. खाली तत्त्वनिष्ठ असं लिवू. लोकायले बरं वाटंल."

"भाऊसाहेब, तिथी स्मशानात तुमी माफ कोनाले केलं?"

"जाऊ द्या ना आता वहिनी... गेलेल्या मानसाचं काय घेऊन बसता."

"गेलेल्याचं नाईच बोलून राह्यली म्या. ते तं मले अर्ज मागं घे म्हनत होते, फक्त पाया पडाचे बाकी होते. म्या आयकलं नाई. तुमच्या सुनेले म्या पाडलं. तत्त्वासाठी नाई. तुमी मले साऱ्या बायकायपुढं बाकावर बसून ठेवलं ना, त्याच्यासाठी. आता माफ कराचं तं मले करा. मी जित्ती हाय, तोंडावर करा."

भाऊसाहेब उठले आणि चपला घालू लागले. फोटो देणार नाही, आणि माझा अर्ज या वेळीही असेल, हे मी दारातूनच सांगितलं. मुलगा गाडीपाशी थांबून हसला.

"काकू, तुमी उभ्या राह्यल्या तरी निवडून थोडीच येनार?"

"निवडून याचं कोन म्हनलं, बाबू?"