आंदणाचा गोऱ्हा

प्रदर्शनात जनावरं उतरवणारे लोक एकमेकांची जनावरं विकत का घेतात, हे माझ्या सासऱ्यांना कोणी तरी विचारावं आणि त्यांनी ओसरीवर मांडी ठोकून सांगत बसावं, असं आमच्या घरी नेहमी चालायचं. मी आतून चहा आणून द्यायची आणि ऐकायची. एकाच गोठ्याचं रक्त त्याच गोठ्यात फिरत राहिलं की वासरं छातीला अरुंद निघतात, मागच्या पायांत जोर राहत नाही, म्हणून अधूनमधून दुसऱ्याकडचं जनावर आणावं लागतं. पाहुणे माना डोलवायचे. बोलणं खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं माझ्या वाट्याला आलं, आणि ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

माझं सासर नेरजवळच्या एका गावात. कापूस, ज्वारी, तूर, आणि या सगळ्याच्या वर सासऱ्यांची गवळाऊ जातीची जनावरं. पांढरीशुभ्र, उंच, देखणी. दर हिवाळ्यात यवतमाळला जनावरांचं प्रदर्शन भरायचं आणि त्याच्या महिनाभर आधीपासून आमचं घर त्या जनावरांचं होऊन जायचं. सरकी, ढेप, तुरीची चुरी त्यांच्यापुढे. शिंगं काचेच्या तुकड्यानं घासून तेल लावायचं. रिठ्याच्या पाण्यानं आंघोळ. आमच्या घरात बाळंतिणीला तूप वाढताना सासऱ्यांचा हात आखडायचा, वळूच्या घमेल्यात मात्र तो सैल सुटायचा.

लग्नात वडिलांनी मला एक गाय आंदण दिली होती. आंदणाची गाय सुनेची, आणि तिची वासरंही सुनेची, हा आमच्याकडचा रिवाज. कागदावर कुठं लिहिलेलं नसतं, पण सगळ्या गावाला ठाऊक असतं. शेत नवऱ्याच्या बापाचं, घर नवऱ्याच्या बापाचं, अंगावरचे दागिनेही अडीनडीला काढून मागतील त्यांचे. कोणाला न विचारता ‘माझं’ म्हणावं अशी ती एक गाय होती.

ती गाय माझ्याकडे दुसऱ्यांदा व्याली आणि गोऱ्हा झाला. काय गोऱ्हा होता! कपाळ रुंद, कान लहान, नाकपुड्या काळ्याभोर, आणि चालताना मान अशी वर की गावातली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. याच सुमारास सासऱ्यांच्या गोठ्याला उतरती कळा लागली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं लावून घेतली होती. आपल्या वळूसारखा वळू जिल्ह्यात नाही, मग बाहेरचा कशाला, असं म्हणून त्यांनी त्याला त्याच्याच कालवडींवर सोडलं होतं. वासरं बारकी निघू लागली तेव्हा कुठं डोळे उघडले. ओसरीवरचं ते सगळं ज्ञान तिथून आलेलं, पण सांगताना असं सांगायचे की जणू आईच्या पोटातूनच शिकून आले.

मी नवऱ्याला म्हटलं, माझा गोऱ्हा बैल करायला बडवू नका, वळू म्हणून राखा. तुमच्या गाईंशी त्याचं काहीच नातं नाही, नवं रक्त घरात चालून आलंय. नवरा म्हणाला, “बाबाले इचार.” बापाला विचारायचं ठरलं की हा माणूस नेहमी माझ्या पाठीआड लपायचा. मी विचारलं. सासरे “पाहू” म्हणाले आणि मी वेडी त्या एका शब्दावर खूश झाले. त्या गोऱ्ह्याला मी माझ्या हातानं भिजवलेली सरकी चारली.

पोळ्याला तो सजवून तोरणाखाली उभा केला. सगळं गाव त्याच्याचकडे बघत होतं. सासऱ्यांच्या बरोबरीचा एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “काय बा भाऊ, यंदा तं व्याह्याच्या गायीनंच नाक राखलं तुमचं!” लोक खो खो हसले. सासरेही हसले. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. घरी आल्यावर मात्र त्यांनी पुरणपोळीचं ताट अर्ध्यावरच सारलं, आणि मला त्याचा अर्थ कळला नाही.

दिवाळीला माहेरी गेले, भाऊबीज करून परत आले, तर खुंटा रिकामा.

“मामाजी, माहा गोऱ्हा कुठी हाये?”

“इकला. दारव्ह्याकडचा एक मालक आलता, प्रदर्शनवाला. चांगल्या घरी देला.”

“मले न इचारता?”

“तू इथं होती काय?”

एवढंच. जणू ते जनावर नव्हतं, अंगणातला जुना माठ होता. नवरा दोन दिवस माझ्यासमोर आलाच नाही, शेतातच जेवला. मी रडले नाही. मी भांडी आपटली, आणि त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही.

गोऱ्हा गेल्याला चार वर्षं झाली. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, त्या हिवाळ्यात प्रदर्शनाला मीही गेले. आम्हा बायकांच्या गाड्या मैदानाच्या कडेला सोडलेल्या होत्या. मोठ्या वळूंमध्ये पहिला आलेला वळू लोकांनी घेरला होता. मी पदर सावरत गर्दीत घुसले आणि बघते तो माझा गोऱ्हा! पूर्ण भरलेला, वशिंड घट्ट, मान तशीच वर. दारव्ह्याकडचा मालक फेट्याला रंगीत फीत लावून उभा. आणि माझे सासरे त्या वळूच्या पाठीवर हात फिरवत चार लोकांना सांगत होते, “याले म्हनतात रक्त!”

मला वाटलं, तिथंच ओरडावं. पण एवढ्या पुरुषांत माझा आवाजच फुटला नाही, आणि त्या गोष्टीचा राग मला गोऱ्हा विकल्याच्या रागाइतकाच आहे. त्या वळूचा एक तरणा गोऱ्हाही शेजारी बांधला होता, बापाच्या वळणावर गेलेला. सासऱ्यांनी तो तिथंच विकत घेतला.

चार दिवसांनी तो गावात आला. नवं जनावर दारात आलं की घरच्या सवाष्णीनं त्याच्या खुरांवर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं, आणि मगच त्यानं आत पाऊल टाकायचं. त्याशिवाय आमच्याकडे कोणी जनावर फाटकाच्या आत घेत नाही. बघायला अर्धं गाव जमलेलं. नवऱ्याच्या हातात कासरा. सासरे म्हणाले, “सूनबाई, पानी आन.”

मी तांब्या घेऊन गेले. गोऱ्ह्यानं मान वर केली, अगदी तशीच, आणि माझं डोकं सणकलं.

“मामाजी, हा माह्या गायीचा नातू हाये. तुमाले मालूम हाये ना?”

मला वाटलं होतं, चपापतील. निदान खाली बघतील. ते सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, “मालूम हाये नं. म्हनून तं घेतला.”

“मंग बाप काहून इकला? घरचा होता थो!”

“घरचा कुठी होता? थो तुह्या बापाच्या गायीचा होता. जितला असता तं लोकाईनं तुह्या बापाचं नाव घेतलं असतं. हा म्या इकत घेतला. हा माहा हाये.”

जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बरोबरच बोलले भाऊ, असा भाव सगळ्यांच्या तोंडावर. तर हे होतं ते उरलेलं अर्धं. चांगलं जनावर घरात होतं, पण ते सुनेचं होतं, म्हणून ते परक्याच्या दारातून फिरवून आणायचं. मधे बाजार झाला की सून पुसली जाते.

मागं दारात सासूबाई उभ्या होत्या. सासऱ्यांसमोर त्या मोठ्यानं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या पुढं आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “हिची एकटीचीच गाय नाही. या गोठ्याचं जुनं रक्त, जुनं रक्त म्हनतात नं, थे माह्या आंदनाच्या गायीचं हाये. तिचा गोऱ्हाबी असाच इकला आन त्याची कारवड असीच इकत आनली. तवा म्या पानी घातलं होतं.”

मी त्यांच्याकडे वळले. इतकी वर्षं माझ्याबरोबर त्याच गोठ्यात शेण काढलं, आणि एक शब्द नाही! मला त्यांचाही संताप आला. “आत्याबाई, मले काहून नाही सांगतलं?”

“सांगून काय केलं असतं तुनं?” त्या म्हणाल्या. माझ्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला, दाराच्या आत उपडा घातला आणि चुलीकडे निघून गेल्या. मी त्यांच्या मागोमाग आत गेले.

बाहेर गोऱ्हा तसाच उभा. घरात सवाष्णी दोन, आणि दोघी आत. दुसऱ्याच्या घरची बाई बोलवावी तर गावभर बोभाटा. बराच वेळ कुजबुज चालली. मग सासऱ्यांनी स्वतः बादली उचलली आणि खुरांवर भडाभडा ओतली. अर्धं पाणी त्यांच्याच धोतरावर गेलं. कुंकू कुणी दिलं नाही. गोऱ्हा बिनकुंकवाचा आत आला. मला वाटलं होतं, आता तरी माणूस शरमेल. कसलं काय! पुढं त्याच गोऱ्ह्यानं प्रदर्शन जिंकलं, फोटो ओसरीवर लागला, आणि पाहुण्यांना सांगितलं जाऊ लागलं की पारख लागते बा, पारख.

माझी गाय त्यानंतर आणखी एकदा व्याली. या वेळी कालवड झाली. ती मोठी होईतो मी माहेरी एक रात्रही राहिले नाही. सासऱ्यांच्या हातून जाण्यापेक्षा मीच विकीन, असं मी ठरवलं होतं. ते यवतमाळला गेलेले असताना अमरावतीकडचा एक प्रदर्शनवाला दारात आला. भला माणूस होता. कालवड बघून खूश झाला, सौदा सरळ माझ्याशी बोलला, मधे एकदाही नवऱ्याकडे बघितलं नाही. मी कासरा त्याच्या हातात दिला.

“एक अट हाये,” मी म्हटलं. “ही उद्या प्रदर्शनात जितली आन कोनी इचारलं कोनाच्या घरची, तं माह्यं नाव सांगा.”

“सांगतो नं बाई. काय नाव?”

मी माझं नाव सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोण्या व्यापाऱ्यानं मला ते विचारलं होतं. त्यानं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, मग जरा अडखळला.

“थे ठीक हाये बाई,” तो म्हणाला, “पन म्हंजे सून कोनाची?”

मी कासरा त्याच्या हातातून परत घेतला आणि कालवड गोठ्यात नेऊन बांधली.