तिच्या नाकाचा जोडीदार

शेवटचं मी आणि बायकोने मिळून केलं, ते माठ धुणं. मी पाणी ओतत होतो, ती काथ्याने आतून घासत होती. घासून झाल्यावर तिने माठात नळाचं पाणी भरलं, वाटीत थोडं काढलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

“पाहा बरं, मातीचा वास येऊन राह्यला का?”

“मातीच्या माठात मातीचाच येईन. अत्तराचा येईन का?”

“तुमाले त्या तंबाखूच्या खर्ऱ्याशिवाय कशाचाच येत नाही,” म्हणाली, आणि वाटी घेऊन सरळ फाटकाबाहेर गेली.

फाटकाबाहेर व्हॉल्व आहे. गावाला नळाचं पाणी सोडणारा माणूस तिथे होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याने वाटी हुंगली, एक घोट घेतला, डोळे मिटले.

“वहिनी, कालच्याहून जास्त हाय.”

“मंग? मी काय म्हणत होती?”

उन्हाळ्यात तलाव खाली गेला की असं होतं, हे त्यानेच तिला सांगितलेलं. मातीतले बारीक जंतू असतात, त्यांचा वास पाण्यात उतरतो. बाधत नाही, पण ज्याला येतो त्याला फार येतो. तिला ते पाठ झालं होतं. मला सांगायची तेसुद्धा त्याच्याच शब्दांत.

खरं सांगतो, माझा जळफळाट व्हायचा. संशय नव्हता, तसलं काही नव्हतं. पण चाळीस वर्षं एका चुलीचं खाल्लं, आणि माझ्याबरोबर ती कधी अशी एका वाटीवर डोकं घालून उभी राहिली नाही. तिला कळायचं ते मला कळत नव्हतं, त्याला कळत होतं.

ती आत आली तेव्हा मी म्हणालो, “जाय ना, त्याच्याच घरी जाऊन पे पाणी.”

“त्याच्या घरीबी हेच येते,” म्हणाली आणि हसली.

त्याच दिवशी दुपार कलल्यावर भाजी निवडता निवडता आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. लेक पुण्याहून निघाली. मेडशीला बसमधून उतरून गावात यायला तिला सकाळ होणार होती, म्हणून थांबायचं ठरलं.

सकाळी बाया अंगणात तिच्या आंघोळीचं पाणी तापवत होत्या. तो आला, चुलीजवळ थांबला.

“भाऊ, तापवलं का वास अजून उठते. वहिनीले हे पाणी चालायचं नाही.”

मला राग आला. माझ्या बायकोला काय चालतं ते यानं मला सांगावं. आणि ते खरं होतं, त्याचाच जास्त राग. मी वाफेत तोंड घातलं. मला नुसती गरम हवा लागली.

“शेतातल्या विहिरीचं आणतो मी,” तो म्हणाला. “गाडी हाय माझ्याजवळ.”

“तू राहू दे. तिचं पाणी मी आणीन.”

सायकलला दोन कॅन बांधल्या आणि निघालो. लोक म्हणाले, या वयात कायले. विहिरीला पाणी खोल गेलेलं, दोर दोनदा हातातून घसरला. परत यायला तास लागला. लेक येऊन आईपाशी बसली होती. कॅन उतरवायला तो पुढे झाला, मी हात लावू दिला नाही. पहिलं पाणी सांडून दिलं, भांडं विसळून विहिरीचं ओतलं, जाळ सारला.

वाफ यायला लागली. मग मला त्यालाच हाक मारावी लागली.

“इकडं ये. पाहा, वास हाय का?”

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

“नाही, भाऊ.”

मी बायांना म्हटलं, घ्या.