दादाच्या सायकलचं हँडल

मला सायकली जुळवायचा नाद आहे. इथून फ्रेम, तिथून चाकं असं करत रत्नागिरीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी तीन सायकली उभ्या केल्या आहेत आणि कुणी त्यांबद्दल विचारलं की मला चेव येतो. त्यामुळे दादा फोनवर "सायकल चालवता आली असती तर बरं झालं असतं" म्हणाल्याबरोबर मी "महिनाभर थांब" असं सांगून मोकळा झालो.

दादा माझा थोरला भाऊ. गावाजवळच्या लोटे इथल्या एका कंपनीत त्याचा उजवा हात मशीनमध्ये सापडला, त्याला पाच वर्षं झाली. आता तो तिथेच गेटवर बसतो. कंपनीची बस हायवेवर येते आणि आमची वाडी दोन किलोमीटर आत. प्रत्येक पाळीला कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे बसून जायचं, हे त्याच्या मनाला फार लागतं. शेजाऱ्याकडे कधी काडेपेटीसुद्धा न मागणारा माणूस आहे तो.

मी कागदावर हँडल काढलं. दोन्ही ब्रेक डाव्या हाताला, एकाच दांड्यावर. उजवीकडे पंजा टेकवायला पत्र्याची खोलगट वाटी, आतून रबर लावलेली. चित्र मला इतकं आवडलं की ऑफिसात दोघांना दाखवलं.

एमआयडीसीतल्या लेथवाल्याने कागद पाहून विचारलं, "बोटं किती राहिलीत?"

मला सांगता येईना.

"अंगठा चालतो?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक काय साहेब? त्यांना घेऊन या, नाहीतर हाताचा फोटो मागवा. मापाशिवाय कसं करू?"

एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण 'दादा, तुझी किती बोटं गेली?' हे पाच वर्षांनी सख्ख्या भावाने कोणत्या तोंडाने विचारायचं? इस्पितळात पट्टी सोडली तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो. पुढे तो हात समोर आला की मी दुसरीकडे बघायचो, आणि याला मी माझा हळवेपणा समजत होतो. मी माझीच मूठ आवळून टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "ह्याचं माप घ्या." लेथवाल्याने माझ्याकडे नीट पाहिलं, पण माप घेतलं.

रविवारी ओळखीच्या टेम्पोतून सायकल गावी नेली आणि घरापुढच्या खळ्यात उभी केली. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. दादा सायकलभोवती दोनदा फिरला, घंटी वाजवली, सीटवर बसला आणि उजवा हात वाटीत घालायला गेला. तेव्हा मी तो हात पहिल्यांदा पाहिला. मधली दोन बोटं नव्हती. अंगठा, तर्जनी आणि करंगळी शाबूत होती, आणि ती माझ्या आवळलेल्या मुठीच्या मापाच्या वाटीत मावत नव्हती.

दादाने बोटं मुडपून हात आत कोंबला. "बेस झालाय रे," म्हणाला आणि निघाला. तुळशीपर्यंत कसाबसा गेला. वळताना हात अडकला आणि तो सायकलसकट आडवा झाला. मी धावलो आणि त्याला उठवता उठवता म्हणालो, "सवय होईल हळूहळू."

हे वाक्य आठवलं की आजही मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"कसली सवय?" वहिनी कडाडली. "भावजी, ह्या हातान ते कोयती चालवतात, नारळ सोलतात. साधी मूठ बसवली असतीत तर ब्रेक पन दाबला असता!"

"गप ग तू," दादा म्हणाला.

"का गप? तुमी नसलात की हे उजव्या हातानच जेवतात, भावजी. तुमी येनार म्हटलं की चमचा काढून ठेव म्हनतात. तुमाला बगवत नाय म्हनून."

दादा गुडघ्याची माती झटकत राहिला.

मी म्हणालो, "दादा, हात बघू."

त्याने तो लगेच दिला नाही. आधी बनियनला स्वच्छ पुसला, मग पुढे केला.