शेवंतीची खोड

भाट्याच्या उमाताई गोगट्यांनी लग्न केलं नाही, घोडी केली, असं गाव म्हणे. गाव म्हणजे नेमकं कोण, ते मला विचारू नका.

घोडीचं नाव शेवंती. गणपतीपुळ्याच्या वाळूत पर्यटक वाहून वाहून तिचा पाय सुजला, तेव्हा मालक विठूने २००१ च्या मेमध्ये तिला उमाताईंच्या दारात सोडली. "जगली तर तुमची, ताय. मेली तर पुरा."

उमाताईंनी पुरली नाही. वर्षभर तिला खाडीच्या गुडघाभर पाण्यातून चालवलं, पाय शेकले. मग तिच्यावर शिकवणी सुरू केली. अधू पोरांना घोड्यावर बसवून पाठ-कंबर बळकट कशी करायची, हे गावातल्या चार मुली शिकू लागल्या; त्यांतली एक सावनी. शेवंतीचा धडा एकच: पाठीवरचा कलंडला की जागीच खांब व्हायचं. झाली की गूळ. पोर एकदाही पडलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी विठू उगवला. "काय गो शेवंते, नवरी दिसतेस!"

"तू मला दिली होतीस रे ती."

"तोंडानं. लिवून दिली काय?" आणि घेऊन गेला.

आठवड्याने उमाताई सावनीला घेऊन पुळ्याला गेल्या. किनाऱ्यावर शेवंतीच्या पाठीवर बसलेले एक जाडे गृहस्थ फोटोसाठी एका बाजूला कलंडले, ती थांबली. विठूचा चाबूक सटकन बसला. ती हलेना. पुन्हा बसला. मागच्या मांडीवर या आठवड्यातले वळ होतेच.

"काय खोड लावलात हिला, ताय? उद्यापासून धावली नाय तर खाटकाला देतो. गिऱ्हाईकही ठरलाय."

"ती मला विक."

"सुट्टीच्या दिवसांत? खुळा हाय काय मी?"

उमाताईंनी हात पुढे केला. "चाबूक दे."

सावनीला पाठीवर बसवून शेवंतीला चालवलं. "कलंड." सावनी रडत कलंडली. शेवंती थांबली आणि गुळासाठी मान वळवली. उमाताईंनी चाबूक मारला. पुन्हा कलंडणं, पुन्हा थांबणं, पुन्हा चाबूक. भेळ खाता खाता माणसं जमली. "हीच ना ती घोड्यांवर उपचार करणारी?" कुणीतरी म्हणालं. अगदी आपल्याच आळीतलं, पण नाव घेत नाही.

अखेर सावनी कलंडली, शेवंती चालत राहिली, पोरगी वाळूत आपटली.

"आता कशी!" विठूने टाळी वाजवली.

उमाताईंनी सवयीने कमरेची गुळाची पुरचुंडी सोडली, हात पुढे केला. शेवंती चार पावलं मागे सरली.