डॉक्टरसाठी खोली

मंडळी, आज सकाळी सासूबाईंना धाप लागली म्हणून गावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलते. आजऱ्याकडचं गाव आमचं. चार गावांत मिळून एकच डॉक्टर, पंचविशीतली मुलगी, रोज गडहिंग्लजहून एसटीनं येते.

आज एसटी उशिरा आली. नर्सनं वाफ दिली, पण धाप उतरेना. सासूबाईंना बोलताही येईना. डॉक्टर आली ती धावतच. खांद्यावरची पिशवीही न काढता तिनं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. तासाभरात सासूबाईंना बरं वाटलं.

"बाई, हितंच ऱ्हावा की," त्या तिला म्हणाल्या.

"राहिले असते आजी. पण एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नाही. आता बदली मागितलीय."

मी मान खाली घातली. दोन महिन्यांपूर्वी आशा सेविका तिच्यासाठीच आमची माडीवरची खोली विचारायला आलती. "एकटी पोरगी नको बाई," असं मीच सांगितलं होतं.

दुपारी खोली झाडून तिला फोन केला, माफी मागितली. "उद्या बघायला येते," म्हणाली. बदलीचं काही बोलली नाही.

डॉक्टर मिळत नाही म्हणून आपण सगळेच ओरडतो. तुमच्या गावात आलेली डॉक्टर राहते कुठं, कधी विचारलंय का?