कापसाच्या ढिगावरचा प्राणायाम

ह्यांचा शाळेचा डबा व्हायचा होता. तव्यावर भाकर फुगत होती आणि नळ आला म्हणून माझा एक कान मोरीतल्या बादलीकडे होता. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली, अगदी हळू. आमच्या डोणगावात कोणी कडी वाजवत नाही. अंगणातूनच हाक मारतात आणि आपण ओ देईपर्यंत चुलीपाशी येऊन पोचतात. मी दार उघडलं तर मागल्या गल्लीतल्या झुंबरकाकू. तोंडाला पदर, छाती वरखाली होत होती आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिटी.

"हळू बोला, मास्तरीणबाई," त्या उंबऱ्यावरच बसल्या. "ते सिस्टर फुकट काऊन शिकवून राह्यली?"

"योग? अहो, तुमच्यासारख्या दम्याच्या बायांसाठीच शिकवतात त्या."

"तेच तर म्हन्तो. माह्या दम्यानं तिचं काय अडलं?"

झुंबरकाकूंचा स्वभावच असा. दुधात पाणी, हळदीत रंग, हसण्यात मतलब. पण त्यांच्या संशयाला हसावं, तर त्याला कारणही होतं. काही वर्षांमागे बियाणे कंपनीची भोंगा लावलेली जीप गावात आली होती. समाजमंदिरात सभा झाली, पुलाव झाला, सगळ्यांना टोप्या आणि बियाण्याची पिशवी फुकट वाटली. या वाणाला बोंडअळी लागूच शकत नाही, असं माइकवरून सांगितलं गेलं. त्या हंगामात काकूंनी हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात पहुडलेली. जीप पुन्हा दिसली नाही. ती टोपी घेऊन उकंडराव, म्हणजे काकूंचे मालक, अजून बैलाच्या अंगावरच्या माशा हाकलतात.

तेव्हापासून फुकट म्हटलं की काकूंना पुढचं बिल दिसायचं. आणि योगाची शिकवणी त्याच समाजमंदिरात!

"आठ दिवस व्यायाम शिकवन, नवव्या दिवशी चूर्न काढन पिशवीतून," त्या म्हणाल्या. "तुमी शिकेल हा. चाला माह्यासंगं. तिच्या पिशवीवर नजर ठेवा."

मी गेले. खरं सांगायचं तर पिशवीकडे मीही पाहत होते. समीना सिस्टर आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. डोक्यावर ओढणी, चप्पल दाराबाहेर, बोलणं मऊ. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि एकमेकींना कोपरं मारत होत्या.

"कोन्या गावची व तू?" काकूंनी उलटतपासणी सुरू केली.

"सुलतानपूरची, मावशी."

काकूंचं माहेर सुलतानपूर. डोळे आणखी बारीक झाले. "कोनाची?"

"वाहेद पिंजाऱ्याची नात."

"वाहेदभाई? आमच्या घरच्या गाद्या त्याच्याच हातच्या," काकू म्हणाल्या. मग माझ्या कानाशी लागल्या, "पिंजाऱ्याची हाय. ध्यानात ठेवजा."

सिस्टरनं पाठ सरळ ठेवायला शिकवलं, खांदे सैल सोडायला, श्वास नाकानं घेऊन ओठांतून सावकाश सोडायला. गरम दूध फुंकतो तसा, म्हणाली. शेवटी शवासन आलं आणि काकू ताडकन उठून बसल्या.

"सवाष्ण बाईनं जित्तेपनी मेल्यावानी पडाव? हे मी नाई करत."

"मंग झोपल्यावानी पडा, मावशी."

"दिवसाढवळ्या झोपली तर लोक काय म्हन्तीन?"

सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर सिस्टरनं बजावलं. "यानं दमा जात नाही. श्वासाला थोडी सवय लागते, एवढंच. डॉक्टरांनी दिलेला पंप कोणी सोडायचा नाही. धाप लागली की आधी पंप. आणि घरी करताना थंड फरशीवर बसू नका, खाली काहीतरी मऊ घ्या."

परत येताना काकू विचारात. "पंप सोडू नका म्हन्ते. मंग हे इकनार तरी काय?"

विकायला काही नाही म्हटल्यावर त्यांचा संशय जायला हवा होता. तो वाढला. तरी त्या रोज जात राहिल्या, कारण मागच्या हिवाळ्यात मेहकरच्या दवाखान्यात नाकावर मास्क लावून पडल्या होत्या आणि तिकडे पुन्हा जायचं त्यांना भय होतं. "तिथून मानूस परत येते का नाई, काय भरोसा," म्हणायच्या. शिकवणीत बरंही वाटायचं. येताना गल्लीचा चढ न थांबता चढायच्या.

पण मग होळीच्या सुमारास बिनसलं. काकू रोज घरीही करू लागल्या आणि दम कमी व्हायच्याऐवजी वाढला. पंप वरचेवर लागू लागला. मग काय, गल्लीभर झालं.

"तिनं माहा दम काढून नेला," त्या पारावर सांगू लागल्या. "आधी थोडा तरी होता. आता हातातला घास तोंडात जात नाई."

उकंडरावांनी त्यात भर घातली. "मी आधीच म्हनलं. फुकटचं बियानं, फुकटचा योग, दोनी एकाच जीपमधले."

समाजमंदिरातल्या बाया एकेक करून कमी झाल्या. सिस्टर मला रस्त्यात भेटली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काकी, श्वास चुकत असेल मावशींचा. एकदा घरी जाऊन पाहू द्या मला. तुम्ही संगं या, नाहीतर दारातूनच परत पाठवतील."

आम्ही सकाळीच गेलो. उकंडराव ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. "या," म्हणाले, पण उठले नाहीत. मधल्या खोलीचं दार लोटलेलं. मी ते ढकललं आणि पहिल्यांदा शिंकलेच.

खोलीत आढ्यापर्यंत कापूस. भाव वाढेल म्हणून घरोघर असाच भरून ठेवलेला असतो, त्यात नवल नाही. पण हा बोंडअळीनं खाल्लेला, पिवळट, पाला आणि कचरा मिसळलेला. आणि त्या ढिगाच्या उतारावर, देवघराच्या बाजूला, झुंबरकाकू मांडी घालून बसलेल्या. डोळे मिटलेले. नाकानं भरभरून श्वास घेत होत्या, ओठांतून सोडत होत्या. कौलाच्या फटीतून आलेल्या उन्हात त्यांच्या तोंडापुढे धुळीचा नुसता धूर उडत होता.

"काकू! इथं काऊन बसल्या?"

"मऊ घ्या म्हने सिस्टर," त्यांनी डोळे न उघडता सांगितलं. "याच्याहून मऊ काय हाय घरात? आन् लक्षुमी हाय. पवितर जागा."

दार का लावलं, तर वारा शिरून कापूस उडू नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ढीग केवढा आहे ते पाहू नये म्हणून. दोघंही रात्री याच खोलीत झोपत, बाजा ढिगाला टेकवून. राखण म्हणून.

 काकूंकडे न पाहता सिस्टर कापसाकडेच पाहत राहिली. मूठभर उचलला, बोटांत फिरवला, झटकला. काकूंचे डोळे उघडले ते तिथेच.

"पाहा, मास्तरीणबाई, माह्याकडं नाई, मालाकडं पाहून राह्यली. मी म्हन्लंच होतं, पिंजाऱ्याची हाय!"

"व्यापाऱ्यानं धाडली असन," ओसरीवरून आवाज आला. "किती हाय, कसा हाय, अंदाज घ्याले."

सिस्टरनं कापूस खाली ठेवला. "मावशी, आमचे दादा, म्हणजे आजोबा, जलमभर हेच पिंजत होते. शेवटी शेवटी खाटेवर बसूनच झोपायचे. आडवं पडलं की दम कोंडायचा. डॉक्टर म्हणाले, कापसाची धूळ." तिनं ओढणीनं बोटं पुसली. "तुम्ही श्वास बरोबरच घेता. फक्त इथं घेऊ नका. आणि इथं झोपू नका."

"आता लक्षुमीवर आळ घे," काकू म्हणाल्या. आम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

मला वाटलं, संपलं. पण संशयी माणसाचं एक असतं. एकदा किडा डोक्यात शिरला की तो कुणालाच सोडत नाही. काकूंनी बियाण्यावर नजर ठेवली होती, व्यापाऱ्यावर, सिस्टरवर. आता ती नजर कापसावर वळली. कुणाला न सांगता त्या सकाळी ओसरीच्या टोकाला, गोधडीच्या घडीवर बसू लागल्या. मधल्या खोलीचं दार ओढलेलं. मी आमच्या गच्चीवरून वाळवण घालताना पाहायची. बसल्या की छातीचं वरखाली होणं कमी व्हायचं. आत जाऊन आल्या की पुन्हा सुरू. मग पुन्हा बाहेर येऊन बसायच्या, स्वतःच्याच छातीवर हात ठेवून, चोर पकडायला बसल्यासारख्या.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. मी गेले तर उकंडराव खांबाला टेकलेले आणि काकू त्यांच्यासमोर उभ्या. साक्षीला मी.

"आयकलं का," त्या म्हणाल्या, "तो कापूसच हाय. मी पाह्यलं."

"मंग काय इकू आता? मातीच्या भावानं?"

"इका कोन म्हन्तं? राहू द्या त्याले. मी ओसरीवर झोपतो."

"त्या पिंजारणीनं भरवलं तुह्या डोक्यात."

"ते तर मले अजूनबी पटली नाई," काकू म्हणाल्या. "पन दम माहा हाय. तो मले समजते."

उकंडराव खाली पाहू लागले. "बायको ओसरीवर झोपली तर लोक काय म्हन्तीन? मालाची राखण करते आन् बायकोले घराभाईर काढते, म्हन्तीन."

काकूंनी श्वास घेतला, ओठांतून सावकाश सोडला. मग म्हणाल्या, "मले काई नको. माही बाज तेवढी भाईर काढून द्या."